भोकं बुजवायची नाहीत

संग्रहालयाचे साहेब जुनी पोलीस जीप पूर्वीसारखी करून घ्यायला आमच्या शेडमध्ये उतरवून गेले, तेव्हा त्यांच्या अपेक्षा ठरलेल्याच होत्या. चकचकीत निळा रंग, टपावर फिरणारा लाल दिवा, सायरन आणि पिवळ्या अक्षरांत 'पोलीस'. मी म्हटलं, साहेब, जीपला टप कुठला? वर ताडपत्रीचा हूड आहे. दिवा बसवू कशावर?

गाडी महिंद्राची सीजे-३बी. उंच बॉनेटची जीप म्हटलं की जुन्या मंडळींच्या डोळ्यांपुढं येते तीच. बॉनेट उंच झालं ते मूळच्या अमेरिकन विलीज कंपनीच्या 'हरिकेन' इंजिनामुळं. त्याचा इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे आत घेणारी झडप, वरच्या हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारी एक्झॉस्टची खालच्या ब्लॉकमध्ये. हेडची उंची वाढली आणि आधीचं बुटकं बॉनेट त्यावर मावेना. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ मध्ये आलं आणि १९६८ ला बंद पडलं, पण महिंद्रानं ते आपल्याकडं पुढं कितीतरी वर्षं काढलं. पोलीस असोत, पाटबंधारे असोत की वनखातं, गावात सरकार आलं की बहुतेक याच तोंडानं यायचं.

ही जीप कंडम होऊन लिलावात गेली आणि राधानगरीकडच्या एका ऊसवाल्यानं घेतली. पेट्रोल परवडेना म्हणून त्यानं डिझेल इंजिन टाकलं. पुढं ट्रॅक्टरचे टायर चढवले होते. ६.००-१६ साइज दोघांनाही चालते, त्यामुळं बसले झकास, फक्त डांबरी रस्त्यावर स्टेअरिंग कुठं ओढेल त्याचा नेम नाही. रंगही बदलत गेला, आधी पांढरा, मग हिरवा. त्याला मी नावं ठेवणार नाही. त्याला गाडी वापरायची होती, जपायची नव्हती.

पोरगा ग्राइंडर घेऊन सुटणार होता, त्याला थांबवलं. पाणी पेपर घे म्हटलं, आणि हातानं घास. हिरवा गेला, पांढरा गेला, पुट्टीचे पापुद्रे निघाले आणि खाली गडद निळा लागला. मागच्या फाळक्यावर तर पिवळ्या अक्षरांच्या कडा बोटाला लागत होत्या. ब्रशनं लिहिलेल्या अक्षराचा थर कडेला जाड राहतो, वरून कितीही रंग मारा. ट्रेसिंग पेपर लावून पेन्सिलीनं ती अक्षरं उतरवून घेतली.

पण खरी माहिती भोकांत होती. विंडस्क्रीनच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी ओळीनं बारीक भोकं, डाव्या अंगाला मागं पितळ भरून बुजवलेली चार, डॅशखाली पट्टीची भोकं. डेंटरला अशी भोकं दिसली की त्याचे हात शिवशिवतात. मी दम दिला, एकही बुजवायचं नाही.

आमच्या गल्लीत एक निवृत्त ड्रायव्हर हवालदार आहेत. त्यांना म्हटलं, काका, जरा येऊन बघा. काका आले, चौकटीकडं नुसतं बघितलं. "जाळी. दगडफेकीला. रात्री समोरचा लाईट जाळीवर फुटला की काय दिसायचं नाही, म्हणून बंदोबस्त संपला की आम्ही काढून ठेवायचो." डावीकडची चार भोकं वायरलेसच्या एरियलची. मग ते सीटवर चढले आणि बोलता बोलता त्यांचा डावा हात डॅशखाली गेला, न बघता. काय शोधताय विचारलं, तर म्हणाले, माईकचा हूक. टॉर्च मारून बघितलं, तर बोटं टेकली होती तिथंच स्क्रूची दोन भोकं, गंजानं भरलेली.

दिव्याचं एकही भोक गाडीवर नाही, सायरनचंही नाही. तसे फोटो साहेबांना पाठवले. ते म्हणाले, "पण लोकांना पोलीस गाडी वाटली पाहिजे ना." मी म्हटलं, वाटायचं काय त्यात, ती आहेच. दिवा टळला. रंगावरून मात्र आमचं अजून जमलेलं नाही. मी साधा सिंथेटिक इनॅमल मारलाय, जवळून बघितलं तर थोडा खरखरीत. त्यांना वर लॅकर हवा होता. सरकारी वर्कशॉपमधून आरशासारखी जीप बाहेर पडलेली कुणी बघितली असेल तर त्यानं सांगावं.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो. हरिकेनचा सुटा माल पुण्यात नाना पेठेतून जमवला, क्रँक इथं कोल्हापुरात उद्यमनगरात ग्राइंड करून घेतला. म्हणजे इंजिन या गाडीचं मूळचं नव्हे. पाटीवर तसं स्वच्छ लिहा, असं मी साहेबांना सांगितलंय.

गाडीची रस्त्यावरची ट्रायल मात्र अक्षरं लिहायच्या आधीच उरकली. खासगी गाडीवर 'पोलीस' लिहून रस्त्यावर फिरलो तर उद्या आम्हीच आत. नुसत्या निळ्या रंगानंही काम केलंच. रंकाळ्यावर ट्रिपल सीट चाललेल्या पोरांनी आम्हाला बघितलं, मधला उतरला आणि फिरायला आल्यासारखा चालायला लागला. हेल्मेट तिघांतही नव्हतं ते वेगळंच.

नंतर पेंटर मामांनी खडूची दोरी मारून, त्या ट्रेसिंगवरून अक्षरं लिहिली. स्टिकर लावला असता तर तासाभराचं काम होतं. मामांनी सकाळ घेतली, दोन चहा घेतले आणि 'ली'ची वेलांटी पुसून पुन्हा काढली.

गाडी ट्रकवर चढवून पाठवली आणि मागोमाग मी गेलो. पेट्रोल काढून टाकलं, बॅटरी सोडवली, चाकं अधांतरी राहतील असे चेसिसखाली लाकडी ठोकळे लावले. महिन्यातून एकदा प्लग काढून, सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून इंजिन हातानं फिरवायचं, नाहीतर पिस्टनच्या रिंगा आत चिकटून धरतात. तिथल्या वॉचमनला इंजिन फिरवायचं हँडल धरायला शिकवलं. अंगठा पलीकडून वळवायचा नाही, चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, आणि हँडल खालून वर ओढायचं, इंजिनानं ते उलटं मारलं तर अंगठा जातो. तो म्हणाला, प्लग काढल्यावर उलटं कसं मारेल? मारत नाही. पण एखाद्या दिवशी प्लग तसेच ठेवून कुणीतरी गाडी चालू करायला जाणार, आणि तेव्हा हात सवयीनंच धरणार आहे.