दिवा गेला आणि फ्लास्क पिवळा पडू लागला

अंधेरीच्या एमआयडीसीत आमची लॅब आहे, आणि तिथे आम्ही क्लोरीनचा सिलिंडर ठेवत नाही. गाळ्यांची इमारत, खाली टेम्पोंची वर्दळ, भिंतीपलीकडे शिलाईचा कारखाना. १४ जुलै २०१० ला शिवडीच्या हाजी बंदरात वर्षानुवर्षं पडून असलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन सुटला आणि माणसांना इस्पितळात न्यावं लागलं. ते ज्यांना आठवतं त्यांना याचं कारण सांगायला नको. हवेच्या अडीचपट जड असलेला हा वायू जिन्याने खाली उतरतो, खालच्या माणसांकडे.

म्हणून लागेल तेवढाच क्लोरीन हूडमध्ये, म्हणजे वायू बाहेर ओढून नेणाऱ्या काचेच्या कपाटात, तयार करायचा. पोटॅशियम परमँगनेटवर हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबथेंब सोडायचं. शेलेने १७७४ मध्ये मँगनीज डायऑक्साइडपासून क्लोरीन मिळवला होता, पण ते मिश्रण तापवावं लागतं. परमँगनेटला आच लागत नाही. थेंब थांबवले की थोड्या वेळात वायूही ओसरतो, आणि मला त्याचा हाच गुण सगळ्यात मोठा वाटतो.

त्या दिवशी पॅरा-क्लोरोटोल्युइनच्या मिथाइल गटावर एक क्लोरीन चढवायचा होता. तो तिथेच जावा म्हणून प्रकाश हवा. लोखंडाचा अंश आला की क्लोरीन बेंझीनच्या कड्यावर जाऊन बसतो, त्यामुळे सगळी जोडणी काचेची आणि टेफ्लॉनची. जनरेटर, म्हणजे क्लोरीन तयार होतो ते भांडं, आणि फ्लास्कच्या मध्ये एक रिकामी बाटली असते. वायूचा जोर कमी पडला की फ्लास्कमधला द्रव नळीतून उलटा ओढला जातो. तो परमँगनेटवर पडला तर काय होईल, याची कल्पना रसायन शिकलेल्या कुणालाही येईल. ती बाटली जागेवर आहे का, हे मी स्वतः पाहिल्याशिवाय आम्लाची तोटी उघडत नाही.

बाहेर जुलैचा पाऊस कोसळत होता. क्लोरिनेशन छान चाललं होतं. वायू आत शिरायचा, त्याचा हिरवट पिवळा रंग दिव्याच्या उजेडात विरून जायचा आणि द्रव पाण्यासारखा राहायचा. रंग विरतोय म्हणजे क्लोरीन वापरला जातोय.

तेवढ्यात वीज गेली. हूडचा ब्लोअर, म्हणजे हवा ओढणारा पंखा, थांबला. नवी ट्रेनी घाबरून म्हणाली, "मॅडम, हूड बंद!" मी आम्लाची तोटी बंद केली आणि लॅबमधल्या काकांना हूडची काच पूर्ण खाली ओढायला सांगितलं. त्यांना ते सांगावंही लागलं नसतं, त्यांचा हात आधीच काचेवर होता.

पण माझी नजर फ्लास्कवर होती, कारण तो पिवळा पडत चालला होता. जनरेटरमधला उरलासुरला वायू अजून येत होता. प्रकाश नसल्याने अभिक्रिया मंदावली होती आणि क्लोरीन नुसता विरघळून साठत होता. खरा धोका इथे होता. ब्लोअर बंद असला तरी बाहेर पडणारा वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाच्या बाटल्यांत शोषला जात होता. पण वीज अचानक परतली असती तर दिवा आपोआप लागला असता, आणि साठलेला सगळा क्लोरीन एकदम पेटून उठला असता. ही साखळी अभिक्रिया असते. तिच्यातून उष्णताही निघते आणि हायड्रोजन क्लोराइडही, तेही काही क्षणांत.

"दिव्याचा प्लग काढ," मी ट्रेनीला म्हटलं. "आधी प्लग." खिडकीतून येणारा उजेडही नको, म्हणून काकांनी काळं कापड हूडच्या काचेवर टाकलं. मग नायट्रोजन सुरू केला. त्याला वीज लागत नाही. तो हळूहळू क्लोरीनला कॉस्टिककडे ढकलत राहिला. फ्लास्कवरच्या कंडेन्सरचं, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या नळीचं, पाणी टाकीतून येत असल्याने चालूच होतं. कॉस्टिकच्या पहिल्या बाटलीला हात लावला तर ती गरम लागली, म्हणजे ती काम करत होती. मी टॉर्चचा उजेडही फ्लास्कवर पडू दिला नाही, कापडाची कड उचलून नुसत्या अंधुक उजेडात रंग पाहत होते. पिवळेपणा कमी व्हायला बराच वेळ गेला, आणि त्या वेळात कुणी काही बोललं नाही.

वीज आली तेव्हा द्रव पुन्हा रंगहीन झाला होता. तरी दिवा लावला नाही. दुसऱ्या दिवशी आधी नायट्रोजन फिरवला, कारण विरघळलेला ऑक्सिजन साखळी अडवतो आणि तेव्हाही क्लोरीन असाच साठतो. मग काम पुढे नेलं. जीसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर, दोन क्लोरीन चढलेला भाग थोडाच दिसला, ग्राहकाच्या मर्यादेत होता.

त्याच आठवड्यात इलेक्ट्रिशियनकडून दिव्याच्या लाइनवर कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज गेली की आपोआप सुटणारा स्विच, बसवून घेतला. आता वीज परतली तरी कुणीतरी हिरवं बटण दाबेपर्यंत दिवा लागत नाही, आणि ते बटण दाबण्याआधी फ्लास्कचा रंग वहीत लिहायचा असतो.