सात पायांची कुर्ली

गोव्यातल्या आमच्या पॉटरीवाल्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर गेले कित्येक दिवस एकच विषय चाललाय, निरफणसाचं पान. एकीने लाटलेल्या मातीवर निरफणसाचं पान दाबून ताटल्या केल्या, मग दुसरीनेही केल्या, मग पहिली म्हणाली ही आयडिया माझी, आणि तिथून पुढे स्क्रीनशॉट काय, जुन्या पोस्टच्या तारखा काय, दोघंतिघं ग्रुप सोडून गेले आणि संध्याकाळी परत अ‍ॅड झाले. मी तिथे गप्प बसले कारण बोललं की दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागतं. इथे माझंच घर आहे म्हणून लिहितेय.

निरफणसाचं पान कुणाचं नाही. फार तर ज्याच्या परसात झाड आहे त्याचं. पान उलटं ठेवायचं म्हणजे शिरा नीट उठतात, वरून हलकं लाटणं फिरवायचं, कड कापायची, पान सुकायच्या आत सोलून काढायचं, हे कुठल्याही वीकेंड वर्कशॉपमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात. आळूचं पान दाबा, फणसाचं दाबा, बाहेर पडणारी वस्तू पानासारखीच दिसणार ना.

आणि आमची कामं एकमेकांसारखी का दिसतात याची कारणं अगदी साधी आहेत, पण ती कुणाला ऐकायची नसतात. आमच्यातल्या बऱ्याच जणांकडे इलेक्ट्रिक भट्टी आहे, कोन सहाला म्हणजे साधारण 1220 डिग्रीला भाजतो, स्टोनवेअरची (म्हणजे जास्त तापमानाला भाजून घट्ट होणारी) माती पोत्यांतून बाहेरून येते आणि ती त्याच दोनचार ठिकाणांहून येते. गॅसची भट्टी नसली की रिडक्शन (भट्टीतली हवा कमी करून भाजणं) नाही, रिडक्शन नाही म्हणजे खरा सेलेडॉन, तो हिरवट ग्लेझ, नाही की तांब्याचा लाल नाही, मग उरलं काय, तर पांढरा, मॅट काळा आणि निळा. त्यातला तो ठिपक्याठिपक्यांचा, कडेला तपकिरी होणारा निळा बघून लोक म्हणतात वा काय सिग्नेचर ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) आहे. अगो बाय, तो फ्लोटिंग ब्लू. नेफेलिन सायनाइट, रुटाइल, जरासा कोबाल्ट, जरासं लोह, वितळायला बोरॉनवालं काहीतरी, जगभरच्या स्टुडिओंतून वर्षानुवर्षं चाललेली रेसिपी. त्यावर भांडण करणं म्हणजे फोडणीत मोहरी कुणी आधी घातली यावर भांडणं. त्यात आमचा पाऊस. जून ते सप्टेंबर काही म्हणजे काही वाळत नाही, मोठी ताटं वाकडी होतात, पिशवीतल्या मातीवर बुरशी धरते, म्हणून सगळेच कॉफीचे मग, वाट्या, चमचे ठेवायच्या बशा असलं लहान लहान करत बसतात आणि मग डिसेंबरच्या स्टॉलवर दहा टेबलं एकसारखी दिसतात. यात कट कसला आलाय.

निळ्याचंच निघालंय तर, पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात कधी गेला असाल तर भिंतीभर निळ्यापांढऱ्या अझुलेजू टाइल्स बघितल्या असतील, जॉर्ज कोलासू या पोर्तुगीज चित्रकाराने 1935 साली केलेल्या, पोर्तुगीज कवी कामोइशच्या महाकाव्यातले प्रसंग आहेत त्यात. मला ते काम प्रचंड आवडतं, सरकारी कामाला गेले तरी पाच मिनिटं तिथे उभी राहते. आता हा निळा कुठून आला? कोबाल्ट इराणकडून चीनला गेलं, चिंगडेझनच्या कुंभारांनी चौदाव्या शतकात पोर्सिलेनवर त्याने चित्रं काढली, ती भांडी जहाजांतून युरोपात गेली (आणि गोव्याच्या बंदरातूनही गेली), तिथे लोक वेडे झाले पण त्यांच्याकडे पोर्सिलेन करायचं ज्ञान नव्हतं, म्हणून डेल्फ्टच्या कुंभारांनी साध्या मातीवर कथलाचा पांढरा ग्लेझ चढवून चिनी भांड्यांसारखं काहीतरी केलं. नक्कलच होती. ती काही जमली नाही आणि त्या न जमण्यातून डेल्फ्ट नावाची वेगळीच चीज तयार झाली. आज पणजीच्या फोंताइन्यश भागात घराघरावर निळ्यापांढऱ्या नावाच्या पाट्या आहेत, त्या कुणाच्या कॉपी म्हणायच्या, लिस्बनच्या, डेल्फ्टच्या की चीनच्या?

म्हणून आकार, ग्लेझ, टेक्निक यावर कुणी "चोरलं चोरलं" करायला लागलं की मला कंटाळा येतो. पण याचा अर्थ चोरी होत नाही असा नाही, होते, आणि जिथे होते तिथे आमचा ग्रुप चिडीचूप.

माझी एक मैत्रीण कुर्ल्या (खेकडे) करते. म्हणजे बावीस सेंटिमीटरच्या प्लेटवर, माती चामड्याइतकी घट्ट झाली की हाताने कुर्ली कोरते. एका डिझाइनमध्ये कडेला जागाच उरली नाही म्हणून तिने डाव्या बाजूचा एक पाय गाळला, दोन आंगडे (नांग्या) आणि सात पाय, मग तीच तिला आवडायला लागली, लोक पण हसायचे आणि घ्यायचे. गेल्या सीझनला एका बाजारात तिला एका स्टॉलवर कुर्लीच्या प्लेट्सची चळत दिसली, तिच्या किमतीच्या पाव किमतीला. तिने पाय मोजले. सात. डावीकडचाच गाळलेला.

तिने एक विकत घेतली आणि माझ्याकडे आली, आम्ही दोघींनी दोन्ही प्लेट्स टेबलावर ठेवून पट्टी लावली. विकतची साडेएकोणीसच्या आसपास भरली. आता ज्याने माती हाताळली आहे त्याला हे लगेच कळेल, स्टोनवेअरची माती वाळताना आणि भाजताना मिळून दहा-बारा टक्के आक्रसते. तिच्या भाजलेल्या प्लेटवर प्लॅस्टर ओतून साचा काढला, त्यात माती दाबली, ती भाजली की नवी प्लेट बरोब्बर तेवढी लहान होणार. बोटाने चाचपून पण कळत होतं. तिच्या कोरण्याला धार आहे, नख अडकतं, आणि विकतच्या प्लेटवर त्याच रेषा भरल्यासारख्या, कारण साचा तिच्या ग्लेझवरून निघाला आणि त्यावर ह्यांचा आणखी एक थर. ज्या मूळ प्लेटवरून साचा निघाला तिला ग्लेझ करताना तिच्या बोटाचा ठसा कडेला राहिला होता, त्याचा उंचवटासुद्धा आलेला. मैत्रीण म्हणाली, "गो, माझा अंगठा पण विकताहेत."

स्टॉलवाला म्हणाला माल सप्लायरकडून येतो, आपल्याला काही ठाऊक नाही. सप्लायर कोण ते सांगितलं नाही. तिने लेखी पाठवल्यावर त्याने इन्स्टावरचे फोटो काढले, स्टॉलवरची चळत तशीच.

आता कायद्याचं, कारण ग्रुपवर सगळेच वकील आहेत. कॉपीराइट कायदा 1957 चा, त्यात कोरलेली कुर्ली ही कलाकृती धरली जाते, नोंदणी केली नाही तरी हक्क मिळतो. कल्पनेवर मात्र कॉपीराइट नाही, सुप्रीम कोर्टाने 1978 सालीच एका सिनेमाच्या केसमध्ये ते सांगून टाकलंय, म्हणजे "प्लेटवर कुर्ली" ही कुणाचीही, पण "ही कुर्ली" तिची. गंमत पुढे आहे. कलम 15 म्हणतं की जी डिझाइन नोंदवता आली असती पण नोंदवली नाही, ती वापरलेली वस्तू खुद्द मालकाने किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त वेळा काढली की कॉपीराइट संपला. हाताने एकेक कोरलेली प्लेट ही औद्योगिक पद्धत कशी काय, यावर वकिलांनी खुशाल फी घेऊन भांडावं, पण यशस्वी झालेल्या वस्तूवरचाच हक्क डळमळतो हे बघून माझं डोकं फिरलं. यावर उपाय म्हणजे 2000 चा डिझाइन्स कायदा, दहा वर्षं संरक्षण आणि वर पाच वर्षं वाढवून मिळतं, एकट्या माणसाला अर्जाची फी हजार रुपये. अट अशी की डिझाइन नवी हवी, आधी कुठे प्रसिद्ध झालेली नको. आणि आपण काय करतो? भट्टी उघडली, अजून कोमट असतानाच रील टाकलं. संपली नवलाई. आधी अर्ज, मग रील, एवढं तरी लक्षात ठेवा.

आपले गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांचं बघा, 2011 ला ते गेले, आपल्याकडे मृत्यूनंतर साठ वर्षं, म्हणजे 2071 संपेपर्यंत त्यांची चित्रं संरक्षित. तरी त्यांच्यासारखीच मोठ्या नाकाची, टोपीवाली, पावाच्या पाट्या घेतलेली माणसं किती मगांवर दिसतात. शैलीवर हक्क नसतो हे खरंय, बघायला वाईट वाटतं हेही खरंय.

आणि एक, जे बोललं की मला शिव्या पडणार. डिचोलीच्या कुंभारांचे आकार, धुपाटणं, हुमणाचं (माशाच्या कालवणाचं) कुंडलं, दोन्हीकडून उघडं असणारं घुमट या वाद्याचं भांडं, हे आमच्यातल्या अर्ध्या लोकांनी उचललेत. घुमटाच्या आकाराचे लॅम्पशेड तर आता कॅफेकॅफेत आहेत. उचला, आकार मोकळाच आहे, मी वर तेच म्हणतेय. पण मग किमतीच्या टॅगवर "माझी ओरिजिनल डिझाइन" लिहायचं आणि तेच दुसऱ्या स्टुडिओने केलं की ग्रुपवर रडायचं, हे कसं काय? डिचोलीला एका मामांना मी विचारलं होतं की तुमच्याकडे पण चालतं का हे कॉपीचं, तर ते म्हणाले, "शेजारी माझ्यासारखं धुपाटणं करणार नाही तर काय कप-बशी करणार?" त्यांची तक्रार निराळी होती, माती काढायची ती शेतं आता प्लॉट होताहेत.

राहता राहिलं शिकवण्याचं. मी वर्कशॉप घेते, तिथे आलेली मुलं माझ्या वाट्या बघून तशाच करतात, करायलाच हव्यात, हात तसाच बसतो. त्यातल्या एकाने दोन महिन्यांत स्टॉल लावला आणि माझ्याच वाट्या ठेवल्या तर मी फोन करून सांगते, बाबा रे, अजून वर्षभर थांब किंवा कड तरी बदल. बहुतेक जण बदलतात. ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकायची वेळ अजून आली नाही.

मैत्रिणीची नवी मालिका तिसऱ्याची आहे, शिंपल्यांची. अर्ज गेलाय, फोटो मात्र ती मलासुद्धा पाठवत नाहीये.