वेंटवर्थ वुडहाऊसचे मोल

रविवार, रात्री

इंग्लंडच्या यॉर्कशरमधला वेंटवर्थ वुडहाऊस हा जुना, अवाढव्य वाडा पाहून संध्याकाळी शेफील्डला परतलो, पण मनातला हिशेब अजून थांबलेला नाही. २०१५ मध्ये हे घर विक्रीला निघाले, तेव्हा ३०० हून अधिक खोल्या, ६०० फुटांहून लांब पूर्वदर्शनी भाग आणि भोवतीची ८० हून अधिक एकर जमीन यांसाठी ८० लाख पौंडांची मागणी होती. लंडनच्या उच्चभ्रू वस्तीत तेवढ्या पैशांत एखादी प्रशस्त सदनिका मिळते. तरीही गिऱ्हाईक सहजासहजी मिळेना, कारण दुरुस्तीचा अंदाज ४ कोटी पौंडांच्या पुढे गेला होता. म्हणजे खरेदीच्या रकमेच्या पाचपट ओझे विकत घेणाऱ्याने उचलायचे होते. ‘घर पाहावे बांधून’ असे आपण म्हणतो, पण अठराव्या शतकात कोळसा आणि जमीन यांच्या जोरावर बांधलेले हे घर राखणे बांधण्याहून अवघड ठरले आहे.

खरे तर ही दोन घरे आहेत, एकमेकांना पाठ लावून उभी असलेली. पश्चिमेचे विटांचे, बरोक म्हणजे भरघोस नक्षीच्या वळणाचे. ते पूर्ण होते न होते तोच मालकाला वेगळे काही हवेसे वाटले आणि वास्तुविशारद हेन्री फ्लिटक्रॉफ्टच्या हाताखाली पूर्वेचे दगडी घर उभे राहू लागले. त्या पूर्वेच्या घरातल्या मार्बल सलूनमध्ये मी बराच वेळ उभा होतो. ६० फूट लांब-रुंद आणि ४० फूट उंच असे हे चौरस दालन आहे. भिंतीलगतचे खांब संगमरवरी दिसतात, पण ते संगमरवराचे नाहीत. जिप्समच्या लगद्यात रंग मिसळून, घोटून घोटून त्यांना ती झिलई आणलेली आहे. जवळ जाऊन पाहिले तरी डोळ्यांना फरक कळत नाही, इतके ते काम निर्दोष आहे, आणि ज्या कारागिरांनी ते केले त्यांच्याविषयी मनात आदर दाटून येतो.

पलीकडच्या एका दालनात चित्रकार जॉर्ज स्टब्जने रंगवलेल्या व्हिसलजॅकेट या घोड्याच्या चित्राची प्रतिकृती आहे. मूळ चित्र या घराचा तेव्हाचा मालक, रॉकिंगहॅमचा दुसरा मार्क्विस (हा एक उमरावी किताब), याने १७६२ च्या सुमारास काढून घेतले होते. १९९७ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने ते १ कोटी १० लाख पौंडांना विकत घेतले. पुढे २०१७ मध्ये सबंध घर गेले ते ७० लाखांना. एका चित्राची किंमत ते चित्र ज्या भिंतीसाठी काढले त्या घराहून अधिक ठरावी, हे मला फार लागले. चित्राला छप्पर गळण्याची भीती नसते, हे कारण समजते, पण दुःख कमी होत नाही.

हा मार्क्विस दोनदा ब्रिटनचा पंतप्रधान झाला, आणि १७८२ मधली त्याची दुसरी कारकीर्द जेमतेम तीन महिन्यांची होती. त्याच तीन महिन्यांत, मे महिन्यात, तिकडे महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने मराठे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात सालबाईचा तह झाला. कंपनीचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर पुढे महाभियोग चालवणारा एडमंड बर्क एके काळी याच मार्क्विसचा खासगी चिटणीस होता. मराठी माणसाने या दालनांतून फिरताना एवढे लक्षात ठेवायला हरकत नाही.

मला मात्र सर्वांत जास्त खिळवून ठेवले ते पश्चिमेकडच्या बागेने. आज तिथे हिरवळ आहे. १९४६ मध्ये इंधनमंत्री इमॅन्युएल शिनवेल यांच्या आदेशावरून तिथे उघड्यावरची कोळसाखाण सुरू झाली आणि खणत खणत ती घराच्या दारापर्यंत आली. झाडे पाडली, बाग उपटली आणि मातीचे ढिगारे खिडक्यांसमोर रचले. युद्धानंतर देशाला इंधनाची निकड होती, हे मान्य करूनही त्या निर्णयात जमीनदारांना धडा शिकवण्याचा हेतू होता, असेच मला वाटते. आणि गंमत नव्हे, मोठी गोष्ट अशी की त्याविरुद्ध उभे राहिले ते खाणकामगारच. यॉर्कशरच्या खाणकामगार संघटनेचे अध्यक्ष जो हॉल यांनी पंतप्रधान ॲटली यांच्याकडे ही बाग वाचवण्यासाठी रदबदली केली. तिचा उपयोग झाला नाही. परंतु ज्यांच्या घामातून या घराचे वैभव आले त्यांनीच ते राखावे म्हणून शब्द टाकला, ही नोंद मला कोणत्याही वंशावळीहून मोलाची वाटते.

पुढचे उतरते पर्व थोडक्यात सांगता येते. १९४७ मध्ये कोळशाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९४८ मध्ये घराचा मालक असलेला तरुण अर्ल (हाही उमरावी किताबच) विमान अपघातात गेला. त्यानंतर घराचा मोठा भाग शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयाला भाड्याने दिला गेला आणि तिथे अनेक वर्षे शिक्षिका तयार झाल्या. १९७९ मध्ये शेवटच्या अर्लबरोबर किताबही संपला. १९९९ मध्ये एका वास्तुविशारदाने घर विकत घेऊन आपल्या परीने सावरले आणि २०१५ मध्ये त्याच्या निधनानंतर ते पुन्हा बाजारात आले. हाँगकाँगच्या एका गुंतवणूकदार समूहाशी बोलणी झाली, पण ती तडीस गेली नाहीत.

अखेर मार्च २०१७ मध्ये खास याच घरासाठी स्थापन झालेल्या विश्वस्त संस्थेने ते घेतले. त्याआधी नोव्हेंबर २०१६ मध्ये अर्थमंत्री फिलिप हॅमंड यांनी तातडीच्या दुरुस्तीसाठी ७६ लाख पौंड जाहीर केले होते. पहिले काम छपराचे हाती घेतले गेले, आणि तेच बरोबर होते. पाणी आत येत राहिले तर खालच्या नक्षीदार छताचे प्लास्टर वाचवण्याला काही अर्थच उरत नाही.

एखाद्या धनाढ्याने हे घर घेतले असते तर दुरुस्ती कदाचित लवकर झाली असती, असा युक्तिवाद मी ऐकला आहे. तो मला पटत नाही. त्या घाईत फाटक बंद झाले असते आणि जवळच्या रॉदरहॅम गावातल्या ज्या कुटुंबांतल्या पूर्वजांनी जमिनीखाली राबून हे सारे उभे केले, त्यांना पुन्हा बाहेरूनच पाहावे लागले असते. आज त्याच परिसरातली माणसे स्वयंसेवक म्हणून दालने दाखवतात. अर्थात काम संपलेले नाही. वास्तुविशारद जॉन कारने बांधलेले ८४ घोड्यांचे प्रचंड तबेले अजून मोठ्या खर्चाची वाट पाहत आहेत. त्यांच्यासाठी संस्थेला सरकारी अनुदान, देणग्या आणि तिकिटांचे पैसे अशी मोट बांधत राहावे लागेल. वर्गणीचा अर्ज आणला आहे. उद्या भरून पाठवतो.