पिकिंग अपडेट: तार चुकते पण कानाला कळत नाही

सध्या गिटारवर कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) नाहीत, गाणी नाहीत, नुसत्या मोकळ्या, म्हणजे न दाबलेल्या तारा आणि पिक (तार छेडायचा छोटा चपटा तुकडा). कॉर्ड धरला की सगळं लक्ष डाव्या हाताकडे जातं आणि उजवा काय करतोय ते कळतच नाही, म्हणून.

एकाच तारेवर डाउन-अप (पिक एकदा खाली, एकदा वर) आता न बघता जमतंय, ६० बीपीएम, म्हणजे मिनिटाला ६० ठोके, एका ठोक्याला दोन स्वर. घोळ होतो तार बदलताना, आणि तोही सगळीकडे सारखा नाही. (पहिली तार म्हणजे सगळ्यात बारीक, जमिनीकडची.) तिसरीवर डाउन आणि मग दुसरीवर अप, हे सोपं जातं कारण पिक दोन्ही वेळा जोडीच्या बाहेरून येतो. उलटं केलं, म्हणजे तिसरीवर अप आणि दुसरीवर डाउन, की पिक मधल्या फटीतच घुटमळतो, आणि ती फट ब्रिजपाशी (बॉडीवर तारा टेकतात तिथे) सुद्धा जेमतेम १० मिमीच्या आसपास, नटकडे (मानेच्या वरच्या टोकाला) अजून कमी. हेच ते इनसाइड पिकिंग. सध्या रोजचा बराचसा वेळ यातच जातोय.

आता खरी गंमत. चौथी, तिसरी, दुसरी या मोकळ्या तारा म्हणजे डी, जी, बी, म्हणजे चक्क जी मेजर कॉर्डचे तीन स्वर! त्यामुळे पिक शेजारच्या तारेला घासून गेला तरी ऐकायला छानच वाटतं आणि आपण खूश की वा, जमलं. म्हणून डाव्या हाताला एवढंच काम दिलंय, शेजारच्या तारांवर बोटं हलकी टेकवून ठेवायची, दाबायची नाहीत. चुकीची तार लागली की सरळ ‘टक’ असा मेलेला आवाज येतो, लपायला जागाच नाही. पहिल्या दिवशी जरा अपमान वाटतो, असो.

पिक ०.४६ वरून ०.८८ मिमीवर आणलाय. पातळ पिक स्ट्रमिंगला (सगळ्या तारा एका झटक्यात छेडायला) मस्त, पण एकेक तार वाजवताना तो आधी वाकतो मग सुटतो, ठोका मागे पडल्यासारखा वाटतो. टोक बोटांबाहेर थोडंसंच ठेवते, जास्त ठेवलं की तारेत खोल जाऊन अडकतं.

करंगळी बॉडीवर टेकवावी की नाही यावर वाद न संपणारे आहेत, मला तळहाताची कड ब्रिजवर हलकी ठेवणं पुरतं, हाताला अंतराचा अंदाज राहतो, फक्त पहिल्या तारेकडे जाताना मनगटावर ताण न देता अख्खा हात किंचित खाली सरकवावा लागतो.

पुढे पाचवी-तिसरी-चौथी-दुसरी असं मधली तार सोडून. वेग ६० च.