लोखंडी कढई, मेंदी आणि आईचा चहा

आमच्याकडे मेंदी भिजवायची पद्धत ठरलेली आहे, आदल्या रात्री दोन कप पाण्यात तीन चमचे चहापावडर टाकायची, पाणी निम्मं होईपर्यंत उकळायचं, गाळून गार करायचं आणि त्यात मेंदी कालवायची, ती पण लोखंडी कढईतच. स्टीलच्या पातेल्यात भिजवली तर आईला अजिबात चालत नाही. सकाळी झाकण काढलं की कडेकडेची मेंदी काळीकुट्ट झालेली असते आणि तीच केसांवर सगळ्यात छान चढते. पांढरे केस यानं कायमचे काळे होत नाहीत हं, तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पण रंग गडद येतो आणि केसांना चमक येते एवढं नक्की.

हे लहानपणापासून बघतेय, पण कढईत ते काळं कशानं होतं हे मला गेल्या वर्षी कळलं आणि तेही आईच्या दुखण्यामुळे.

झालं असं की आईला जिना चढताना धाप लागायला लागली, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४. मग काय, रोज पालेभाजी, नाचणीची भाकरी, हळिवाचे लाडू, वर लोहाच्या गोळ्या, सगळं सुरू केलं आणि दोन महिन्यांनी बघतो तर आकडा जेमतेम हललेला. मला तर रडूच यायचं बाकी होतं. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "काकू, गोळी कधी घेता?" आई म्हणाली, "जेवण झालं की चहा घेते ना, त्याच्यासोबतच." डॉक्टर म्हणाले, "चहा सोडू नका, फक्त जेवणापासून आणि गोळीपासून लांब न्या."

म्हणजे कढईत जे होतं तेच पोटात होत होतं! चहातली टॅनिन्स लोहाला धरून ठेवतात, कढईत त्याचा काळा रंग होतो आणि पोटात ते लोह शरीराला मिळतच नाही, तसंच बाहेर जातं. त्यात आपल्या शाकाहारी जेवणातलं लोह मुळातच कमी शोषलं जातं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत हेच सांगितलंय, जेवणाआधी आणि नंतर निदान एक तास चहा-कॉफी नको. आईचा चहा आम्ही दुपारी चारवर नेला, जेवणात लिंबाची फोड वाढवली (क जीवनसत्त्वानं लोह चांगलं शोषलं जातं), गोळ्या त्याच, आणि तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.९.

'चहाला वेळ नसते' असं आपण किती सहज म्हणतो, पण खरंच सांगते, वेळ असते, विशेषतः घरातल्या बायकांच्या चहाला.

बाकी चहा मला मनापासून आवडतो आणि तो चांगलाही आहे. त्यात अँटिऑक्सिडंट्स आहेत, आणि कॅफिनसोबत थिअनिन नावाचं द्रव्य असतं त्यामुळे तरतरी येते पण कॉफीसारखी धडधड मला तरी होत नाही. एका छोट्या कपात साधारण ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं आणि दिवसाची मर्यादा ३०० धरतात, तेव्हा तीन-चार कप ठीक. घोळ साखरेचा आहे, कपाला दोन चमचे म्हटलं तर चार कपांत आठ चमचे झाले की! आणि वाफाळता चहा घटाघट पिऊ नका, ६५ अंशांच्या वरची पेयं अन्ननलिकेच्या कॅन्सरला कारण ठरू शकतात असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१६ मध्येच सांगितलंय.

संध्याकाळनंतर मी कुंडीतली गवती चहाची पात, आलं ठेचून आणि चार तुळशीची पानं एवढंच उकळते, चहापावडर नाही, मग कॅफिनही नाही आणि झोपही शांत लागते. जागरण झालं तर वापरलेल्या टी-बॅग्ज फ्रिजमध्ये गार करून दहा मिनिटं डोळ्यांवर ठेवते, सूज उतरते.

आणि उरलेला चोथा गुलाबाला घालणार असाल तर आधी दोन पाण्यांनी धुऊन घ्या, दूध-साखर राहिली की कुंडीला मुंग्या लागतात.