टोकन तुमचं, पण मत कुणाचं?

सहकारी साखर कारखान्यात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. कॉसमॉस हब या ब्लॉकचेनवर तसं नाही. तिथे जितके ॲटम (तिथले टोकन) स्टेक केले, म्हणजे कमाईसाठी अडकवून ठेवले, तितकं प्रस्तावांवरच्या मताचं वजन. आणि तुम्ही मत दिलं नाही, तर ते वजन तुमच्या व्हॅलिडेटरच्या, म्हणजे व्यवहार तपासणाऱ्या ज्या चालकाकडे तुम्ही स्टेक केलंय त्याच्या, पारड्यात पडतं. म्हणून नुसतं कमिशन (तुमच्या कमाईतला त्याचा वाटा) बघून व्हॅलिडेटर निवडू नका. मिंटस्कॅन या वेबसाइटवर त्याचं पान उघडा, मागच्या प्रस्तावांवर त्याने कसं मत दिलंय ते बघा.

याने काय फरक पडतो? नोव्हेंबर 2023 मध्ये 848 क्रमांकाच्या प्रस्तावाने नवीन ॲटम काढण्याची वार्षिक कमाल मर्यादा 20 वरून 10 टक्क्यांवर आली. स्टेकवरची कमाई मुख्यतः या नवीन ॲटममधूनच येते, म्हणजे ती त्या मतदानात ठरली.

मतांचे पर्याय चार: होय, नाही, तटस्थ आणि व्हेटोसह नाही. तटस्थ मत कोरममध्ये (किमान मतदानाच्या अटीत) धरतात, होय-नाहीच्या हिशेबात नाही. व्हेटो 33.4 टक्क्यांच्या वर गेला तर प्रस्ताव पडतोच, शिवाय मांडणाऱ्याची अनामतही जळते. म्हणून व्हेटो फसव्या प्रस्तावांसाठी राखून ठेवा, साध्या विरोधाला 'नाही' पुरे. मुदत संपेपर्यंत मत बदलता येतं, शेवटचं मोजतात.

आता पैशाचं. स्टेक सोडवायला 21 दिवस लागतात आणि तेवढे दिवस कमाई बंद. मृगाच्या पेरणीला, म्हणजे 7 जूनला बी-खताचे पैसे हवे असतील तर 17 मे ही अगदी शेवटची तारीख. पुढे टोकन विकून पैसे बँकेत यायलाही वेळ लागतो, तेव्हा 10 मे धरूनच चाला. विक्रीच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, आणि एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही.

व्हॅलिडेटर बदलायचा असेल तर सोडवू नका, 'रीडेलिगेट' करा. ते लगेच होतं. फक्त तेच टोकन नव्या व्हॅलिडेटरकडून पुढे 21 दिवस हलवता येत नाहीत.

व्हॅलिडेटरने एकाच जागेसाठी दोन वेगवेगळ्या नोंदींवर सही केली तर 5 टक्के कापले जातात: 100 ॲटममागे 5, तेही तुमच्या खात्यातले. नुसता बंद पडला तर 0.01 टक्का. म्हणून सगळे टोकन एकाच ठिकाणी ठेवू नका.

आणि वॉलेटमधले सगळेच्या सगळे ॲटम स्टेक करू नका, थोडे मोकळे राहू द्या. मत द्यायलाही फी लागते. शिल्लक शून्य असली की वॉलेट व्यवहार पुढेच नेत नाही.