करडीवरची अळी नक्की कोणती?

आमच्या परभणी भागात हरभऱ्याच्या घाट्यात तोंड खुपसून बसलेली अळी दिसली की नाव कोणी विचारत नाही. घाटेअळी. तीच तुरीच्या शेंगेत, तीच कपाशीच्या बोंडात. करडीच्या वावरात मात्र मी इतक्या लवकर नाव घेत नाही.

करडीच्या बोंडावर घाटेअळी, म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, येते, तशीच हेलिओथिस पेल्टिजेराही येते. प्रजाती (जीनस) दोन, घराणं (कुळ) एकच. रंगावर तर मुळीच जाऊ नये: घाटेअळी हिरवी असते, तपकिरी असते, गुलाबीसरही असते.

पूर्वी दोघींची गणना हेलिओथिसमध्येच व्हायची. कीटकशास्त्रज्ञ डेव्हिड हार्डविक यांनी १९६५ साली जननेंद्रियांची रचना बघून हेलिकोव्हर्पा ही प्रजाती वेगळी काढली. त्यामुळे जुन्या शेतीपुस्तकात नुसतं ‘हेलिओथिस’ दिसलं, की कोणत्या पिकावरची नोंद आहे ते मी आधी बघते.

अळीवरून नाव ठरवण्यापेक्षा मी ती वाढवते. प्रत्येकीला वेगळी डबी, कारण घाटेअळ्या एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात. तळाशी चाळलेली माती, कोष मातीत होतो म्हणून. रोज करडीचं ताजं बोंड. पतंग निघाला की आधी पुढचे पंख. पेल्टिजेराच्या पंखावर तांबूस झाक असते आणि वरच्या कडेला ठळक गडद डाग. पण उडून उडून खवले झडले की हीही खूण जाते. मग जननेंद्रियं बघायला पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात मऊ करून सूक्ष्मदर्शकाखाली उघडायचं. वेळखाऊ काम आहे, पण मला ते मनापासून आवडतं.

मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्याने हा प्रश्न सुटत नाही. दोन्ही माद्यांच्या गंधातला मुख्य घटक एकच, त्यामुळे घाटेअळीच्या ल्युअरवर, म्हणजे सापळ्यातल्या गंधाच्या आमिषावर, पेल्टिजेराचे नरही येऊ शकतात. सापळ्यात सलग २-३ दिवस ८-१० पतंग आले की आपण फवारणीचा पंप काढतो. करडीशेजारच्या सापळ्यात ते पतंग कोणाचे, हे बघायलाच हवं.

आमच्याकडे करडीचा पेरा घटत चाललाय. ती वावरात आहे तोवर या नोंदी व्हाव्यात, अशी माझी फार इच्छा आहे. तुमच्याकडे करडी असेल तर सापळ्यातले थोडे पतंग काडीपेटीत ठेवा. सोबत चिठ्ठीवर गाव, तारीख आणि पीक. शेजारी हरभरा होता का, तेही लिहा.